एटीपीच्या बंधात खरोखर ऊर्जा साठवलेली असते का? पेशीच्या ऊर्जासाठ्याविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: जीवशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते की एटीपीच्या (ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे तीन फॉस्फेट गट असलेल्या, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) शेवटच्या फॉस्फेट बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि तो बंध तुटला की ती बाहेर पडते. रसायनशास्त्राच्या तासाला मात्र कोणताही बंध तोडायला ऊर्जा लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते, असे शिकवले जाते. मग या दोहोंपैकी खरे कोणते, आणि पेशी ऊर्जा नेमकी कुठे साठवते?

रसायनशास्त्राचे म्हणणे खरे आहे. एटीपीतला फॉस्फेट बंध तोडायलाही ऊर्जा खर्चच होते. पाण्याबरोबरच्या अभिक्रियेत, म्हणजे जलअपघटनात, हा एक बंध तुटतो, त्याच वेळी पाण्याच्या रेणूतलाही एक बंध तुटतो आणि नवे बंध जुळतात. हाती येते ती या सगळ्या देवाणघेवाणीतली निव्वळ तफावत. ही तफावत ऊर्जा देण्याच्या बाजूला झुकते, याची कारणे ठाऊक आहेत. एटीपीच्या शेपटाकडे चार ऋण प्रभार दाटीवाटीने बसलेले असतात आणि फॉस्फेट सुटा झाल्यावर त्यांच्यातले प्रतिकर्षण कमी होते. सुट्या फॉस्फेटमध्ये इलेक्ट्रॉन अधिक मोकळेपणाने विखुरतात. आणि तयार झालेले दोन्ही पदार्थ पाण्याच्या रेणूंनी अधिक चांगले वेढले जातात. ‘ऊर्जासमृद्ध बंध’ ही कल्पना फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये मांडली आणि त्या बंधासाठी नागमोडी रेघेची खूण रूढ केली. चयापचयाच्या असंख्य अभिक्रिया एका सूत्रात ओवायला त्या काळी तिचा मोठा उपयोग झाला, हे निर्विवाद आहे. आज मात्र ती नागमोडी रेघ विद्यार्थ्याच्या मनात एक चुकीचे चित्र पक्के करते, असे माझे स्पष्ट मत आहे. बंध म्हणजे जणू एखादी कुपी आणि ती फोडली की आतली ऊर्जा बाहेर सांडते, असे ते चित्र आहे.

वर दिलेली कारणेही उत्तराचा अर्धाच भाग आहेत. उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा असूनही तो सहसा शिकवला जात नाही. प्रमाणित परिस्थितीत एटीपीच्या जलअपघटनातून दर मोलमागे ३०.५ किलोजूल मुक्त ऊर्जा, म्हणजे कामाला लावता येणारी ऊर्जा, मिळते, हा आकडा सर्वांना पाठ असतो. प्रमाणित परिस्थिती म्हणजे प्रत्येक पदार्थाची संहती (द्रावणातले प्रमाण) एक मोलर, आणि अशी अवस्था कोणत्याही जिवंत पेशीत नसते. पेशीत एटीपीची संहती साधारण पाच मिलिमोलर, सुट्या फॉस्फेटची जवळपास तेवढीच आणि एडीपीची (एक फॉस्फेट गेल्यावर उरणाऱ्या रेणूची) त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी धरली, तर शरीराच्या तापमानाला हाच आकडा ५० किलोजूलच्या घरात जातो. रेणू तोच आणि बंधही तेच, तरी मिळणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक वाढली. ती बंधात बसलेली असती तर संहती बदलल्यामुळे वाढायचे काहीच कारण नव्हते.

आता याच्या उलट परिस्थिती पाहू. एका नळीत एटीपी आणि योग्य विकर (एन्झाइम) घालून अभिक्रिया समतोलाला पोहोचेपर्यंत ठेवली, तर फॉस्फेटची संहती पेशीतल्याइतकी असताना त्या नळीत एका एटीपी रेणूमागे एक कोटीहून अधिक एडीपी रेणू असतील. पेशीत मात्र एका एडीपीमागे दहा एटीपी असतात. समतोलातल्या नळीत जे थोडे एटीपी रेणू उरले आहेत, त्यांच्या रचनेत काडीचाही फरक नाही. त्यांचा प्रत्येक बंध शाबूत आहे, आणि तरीही त्यांच्याकडून कणभरही काम करून घेता येत नाही. पेशी एटीपीचे प्रमाण समतोलापासून कोट्यवधी पटींनी दूर राखते आणि काम करण्याची क्षमता त्या अंतरात असते. प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे. मुळात समतोलापासून इतकी दूर राखलेली कोणतीही अभिक्रिया तत्त्वतः हे काम करू शकली असती. एटीपीची खुबी दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे पाण्यात नुसते ठेवले असता, विकराच्या मदतीशिवाय, ते फार सावकाश विघटित होते, त्यामुळे हे अंतर आपोआप मिटत नाही. दुसरी म्हणजे पेशीतली शेकडो प्रथिने नेमका हाच रेणू ओळखून पकडतात.

या दुसऱ्या गोष्टीवरून ‘ऊर्जा बाहेर पडते’ या शब्दप्रयोगाकडे वळायला हवे. एटीपीचे नुसतेच जलअपघटन झाले तर मिळते ती उष्णता. पेशीच्या आत सगळीकडे तापमान जवळपास एकच असते, त्यामुळे उष्णतेपासून काम करून घेणे पेशीला शक्य नाही. म्हणून उपयोगी पडणारे एटीपी पाण्यात मोकळेपणी फुटत नाही. ते एखाद्या विकराच्या कुशीत फॉस्फेट गट दुसऱ्या रेणूला देते, किंवा एखाद्या प्रथिनाला चिकटून त्याचा आकार बदलते. ग्लुकोजला थेट सुटा फॉस्फेट जोडायचा झाला तर दर मोलमागे १३.८ किलोजूल खर्च येतो आणि ती अभिक्रिया आपणहून पुढे सरकत नाही. हेक्सोकायनेज हे विकर तोच फॉस्फेट एटीपीकडून घेऊन ग्लुकोजवर ठेवते, तेव्हा दोन्ही मिळून एकच अभिक्रिया होते आणि हिशेब १६.७ किलोजूल नफ्यात येतो. यात ऊर्जा आधी बाहेर पडली आणि मग कोणी ती झेलली, असा एकही क्षण येत नाही.

मायोसिन या स्नायूतील प्रथिनाचे उदाहरण याहून बोलके आहे. मायोसिनचे डोके ॲक्टिनच्या तंतूला घट्ट धरून बसलेले असते आणि नवा एटीपी रेणू येऊन चिकटला की त्याची पकड सुटते. सुटल्यावर एटीपीचे विघटन होते, त्याने डोके ताणलेल्या स्थितीत जाते, ते तंतूवर पुढच्या जागी पुन्हा पकड घेते आणि फॉस्फेट बाहेर पडताना प्रत्यक्ष ओढ देते. म्हणजे पकड सोडवण्याचे काम एटीपीच्या फुटण्याने होत नाही, चिकटण्याने होते. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरते ते याचमुळे. एटीपी संपलेले असते आणि मायोसिनला पकड सोडता येत नाही.

एटीपीला ऊर्जेचे चलन म्हणण्याची रीत आहे, आणि ती उपमा फिरत्या पैशापुरती घेतली तर बरोबरही आहे. साठा म्हणून मात्र एटीपीचा विचार करणे चुकीचे ठरते. सरासरी प्रौढ माणसाच्या पेशींमध्ये मिळून साधारण २५ लिटर पाणी असते. त्यात पाच मिलिमोलर एटीपी धरले तर सगळ्या शरीरातले एटीपी ६०-६५ ग्रॅमच्या आसपास भरते. तोच माणूस दिवसभरात सुमारे ४० किलो एटीपी वापरतो. म्हणजे प्रत्येक रेणू दिवसातून काहीशे वेळा एडीपी होऊन पुन्हा एटीपी होतो, आणि पुनर्निर्मिती थांबली तर शिल्लक दोन-तीन मिनिटांहून अधिक पुरायची नाही. जोरात धावणाऱ्या स्नायूत तर ती काही सेकंदच पुरते. तिथे फॉस्फोक्रिएटिन मदतीला येते. त्याच्या जलअपघटनाचा प्रमाणित आकडा ४३ किलोजूल, म्हणजे एटीपीपेक्षा वरचा आहे, म्हणून ते आपला फॉस्फेट एडीपीला सहज देऊन एटीपी भरून काढते. पण तीही सोय सुमारे दहा सेकंदांची आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि सायरस फिस्के यांनी १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये हा पदार्थ शोधला आणि १९२९ मध्ये, कार्ल लोमान यांच्याच सुमारास पण स्वतंत्रपणे, स्नायूतून एटीपीही वेगळे केले.

दीर्घकाळचा साठा ग्लायकोजेन आणि मेद यांत असतो. वनस्पतींत ग्लायकोजेनच्या जागी स्टार्च असतो. ग्लायकोजेन यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास असते. मेदाचा साठा सडपातळ माणसातही दहा किलोच्या घरात जातो. ग्लुकोजचे रेणू सुटे न ठेवता त्यांची साखळी का करायची, याचे कारण परासरण दाबात आहे. यकृतपेशीतले सगळे ग्लायकोजेन सुट्या ग्लुकोजच्या रूपात असते तर त्याची संहती सुमारे ०.४ मोलर झाली असती, पाणी आत घुसत राहिले असते आणि पेशी फुगून फुटली असती. हजारो ग्लुकोज एकेका रेणूत गुंफल्याने विरघळलेल्या कणांची संख्या नगण्य होते. पण ग्लायकोजेन स्वतःबरोबर दोन-तीन पट वजनाचे पाणी बाळगते. मेद पाण्याला दूर ठेवतो, शिवाय त्यातील कार्बन अधिक क्षपित अवस्थेत, म्हणजे ऑक्सिजनशी कमी जोडलेला, असतो. म्हणून दर ग्रॅममागे कर्बोदकातून सुमारे १७ तर मेदातून ३७ किलोजूल मिळतात, आणि पाण्याचे वजन धरले तर हा फरक आणखी वाढतो. मग ग्लायकोजेन ठेवायचेच कशाला? कारण प्राणवायू अपुरा असतानाही त्यातून थोडे एटीपी झटपट काढता येते. मेदातून तसे काढता येत नाही, आणि प्राण्यांना मेदाम्लांपासून ग्लुकोजही बनवता येत नाही.

इथेही सुरुवातीचाच मुद्दा लागू होतो. मेदात किंवा ग्लुकोजमध्ये ऊर्जा आहे, हे म्हणणे अपुरे आहे. ती मेद आणि ऑक्सिजन यांच्या जोडीत आहे. ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध तुलनेने दुबळा आहे, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांतले बंध बळकट आहेत. दुबळे बंध जाऊन बळकट बंध येतात, त्या बदलात ऊर्जा मिळते. म्हणूनच इंधन कर्बोदक असो वा मेद, वापरलेल्या एक लिटर ऑक्सिजनमागे मिळणारी ऊर्जा जवळपास सारखीच, २० किलोजूलच्या आसपास, येते. आणि माणसाचा ऊर्जाखर्च श्वासातल्या ऑक्सिजनवरून मोजता येतो.

एक मोल ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले की सुमारे २८४० किलोजूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते. ती एकदम सुटली तर सगळी उष्णतेत जाईल, म्हणून पेशी ती टप्प्याटप्प्याने उतरवते. ग्लुकोजविघटनात निव्वळ दोनच एटीपी थेट मिळतात. क्रेब्स चक्रात, जे हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडले, आणखी दोन मिळतात. खरा ऐवज इलेक्ट्रॉनांच्या रूपाने एनएडीएच आणि एफएडीएच२ या वाहकांवर चढवला जातो. तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतल्या पटलात प्रथिनांची साखळी आहे. एनएडीएचकडून निघालेली इलेक्ट्रॉनांची जोडी ऑक्सिजनपर्यंत पोहोचते तेव्हा ती १.१४ व्होल्टचा उतार उतरते आणि त्या उताराच्या बळावर दहा प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. ऊर्जेचा आणखी एक साठा इथे तयार होतो आणि तो कोणत्याच रेणूत नसतो. पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांच्या संहतीत फरक पडतो आणि विद्युत विभवातही फरक पडतो. दोन्ही मिळून १५० ते २०० मिलिव्होल्ट भरतात. आकडा किरकोळ वाटेल, पण पटलाची जाडी जेमतेम सहा-सात नॅनोमीटर आहे. तेवढ्या अंतरात हा फरक म्हणजे दर मीटरला अडीच-तीन कोटी व्होल्टची तीव्रता झाली.

पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञ एटीपीच्या आधीचा एखादा ‘ऊर्जासमृद्ध’ मधला रेणू शोधत होते. तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९६६ मध्ये आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी हरितलवकांतली पटले आम्लात, चारच्या आसपास सामू (पीएच) असलेल्या द्रावणात, भिजवली आणि मग अंधारातच एकदम आठच्या आसपास सामू असलेल्या द्रावणात टाकली. प्रकाश नसतानाही एटीपी तयार झाले. १९७४ मध्ये एफ्राइम रॅकर आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी याहून निर्णायक प्रयोग केला. एका सूक्ष्मजीवाचे प्रकाशावर चालणारे प्रोटॉनपंप प्रथिन आणि गाईच्या हृदयातल्या तंतुकणिकांमधले एटीपी बनवणारे विकर त्यांनी मेदाच्या कृत्रिम पिशव्यांमध्ये बसवले. प्रकाश टाकला आणि एटीपी बनले. दोन प्रथिने अगदी वेगळ्या जीवांची होती. त्यांच्यात प्रोटॉनांशिवाय दुसरा दुवा असण्याची शक्यताच नव्हती. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या दुव्याची प्रत्यक्ष ओळख मला ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर काम करताना झाली, आणि हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी करावा असे मला मनापासून वाटते. यकृतातून वेगळ्या केलेल्या ताज्या तंतुकणिका बंद कक्षात घ्यायच्या, त्यांना इंधन म्हणून सक्सिनेट द्यायचे आणि द्रावणातला ऑक्सिजन किती वेगाने कमी होतो याची रेघ पाहायची. इंधन भरपूर आहे, ऑक्सिजनही आहे, तरी रेघ अगदी संथ उतरते. मग थोडा एडीपी सोडला की रेघ क्षणात तीव्र उताराला लागते. तो एडीपी एटीपी होऊन संपला की ती पुन्हा संथ होते. एडीपी नसला की प्रोटॉनांना परत यायला वाट नसते, फरक साचत जातो आणि त्या साचलेल्या फरकाविरुद्ध नवे प्रोटॉन ढकलणे जड होऊन इलेक्ट्रॉनांचा प्रवाहच मंदावतो. आता ऑलिगोमायसिन घालून एटीपी बनवणारे विकर बंद केले तर एडीपी देऊनही रेघ हलत नाही. त्यावर डायनायट्रोफिनॉल घातले की हा पदार्थ प्रोटॉन अंगावर घेऊन पटल ओलांडतो, फरक मिटवतो, आणि ऑक्सिजन बेबंद वेगाने वापरला जाऊ लागतो, पण एटीपी मात्र बनत नाही. चारच भर घालायच्या असतात, आणि साठा, त्याचे दार आणि त्याची गळती हे तिन्ही एकाच रेघेवर उमटलेले दिसतात.

डायनायट्रोफिनॉल १९३० च्या दशकात वजन कमी करण्यासाठी दिला गेला होता. मेद जळायचा खरा, पण ऊर्जा उष्णता होऊन जायची. शरीराचे तापमान आवरेनासे होऊन माणसे दगावली आणि १९३८ मध्ये अमेरिकेत तो माणसांना देण्यास अयोग्य ठरवला गेला. आजही तो वजन घटवण्याच्या नावाखाली चोरून विकला जातो, म्हणून इथे स्पष्ट सांगतो: त्याची उपयोगी मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत सुरक्षित म्हणावे असे अंतर नाही आणि त्यावर उतारा नाही. हीच गळती निसर्ग मात्र आवरून वापरतो. नवजात बाळांच्या आणि शीतनिद्रेतून उठणाऱ्या प्राण्यांच्या तपकिरी मेदात यूसीपी१ नावाचे प्रथिन असते आणि ते गरजेप्रमाणे प्रोटॉन आत सोडून शरीर उबदार ठेवते.

प्रोटॉन नेहमीच्या वाटेने परततात तेव्हा ते एटीपी सिंथेज या विकराचा खालचा भाग अक्षरशः फिरवतात. सस्तन प्राण्यांत आठ प्रोटॉन गेले की एक फेरा होतो आणि एका फेऱ्यात तीन एटीपी मिळतात. हे फिरणे १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी विकराच्या अक्षाला ॲक्टिनचा चमकणारा तंतू चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले; त्यांच्या प्रयोगात विकर उलट दिशेने, म्हणजे एटीपी खर्च करून, फिरत होते. पॉल बॉयर यांनी त्याआधीच दाखवून दिले होते की विकराच्या खाचेत एडीपी आणि फॉस्फेट यांचे एटीपी होणे जवळपास फुकट घडते. तिथे दोन्ही बाजूंची पारडी जवळपास सारखीच असतात. ऊर्जा लागते ती घट्ट चिकटलेला तयार एटीपी रेणू सोडवून पेशीतल्या एटीपीने आधीच भरलेल्या द्रावणात ढकलायला. बंध घडवण्यावर ऊर्जा खर्च होत नाही, समतोलापासूनचे अंतर राखण्यावर होते, याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. सगळी गळती आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता एका ग्लुकोजमागे ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांतला ३६ किंवा ३८ हा आकडा आता सोडून द्यावा. पेशीतल्या प्रत्यक्ष संहतीने मोजले तर ही निम्म्याहून किंचित अधिक कार्यक्षमता झाली.

शेवटी, पेशी एटीपीच भरपूर का साठवत नाही, असा प्रश्न साहजिकच उरतो. एक तर त्याचे वजन परवडणारे नाही. दर ग्रॅममागे ते मेदाच्या कित्येकशे पट कमी ऊर्जा देते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थोडक्या साठ्यामुळेच टंचाईची सूचना वेळेत मिळते. ॲडेनिलेट कायनेज हे विकर दोन एडीपींपासून एक एटीपी आणि एक एएमपी (एकच फॉस्फेट असलेला रेणू) बनवते आणि ही अभिक्रिया समतोलाच्या जवळ राहते. एटीपी ५, एडीपी ०.५ आणि एएमपी ०.०५ मिलिमोलर असताना एटीपी फक्त दहा टक्क्यांनी घटले, तरी एएमपी तिपटीहून अधिक वाढते. ही वाढ ग्लुकोजविघटनातल्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकराला लगेच जाणवते आणि ग्लुकोजचे विघटन वेग घेते. एएमपीके हे नियामक विकरही जागे होते आणि मेद व ग्लायकोजेन बनवण्याची कामे थांबवून ती जाळण्याची कामे पुढे आणते. एटीपीचा साठा दहापट असता तर तेवढ्याच खर्चाने त्यात एका टक्क्याचा फरक पडला असता आणि एएमपीची पातळी फारशी हलली नसती.